पंपाला हात लावण्याआधी

कामरगाव, ता. कारंजा, जि. वाशिम

चि. बापू,

तुझं पत्र वाचलं. जुनी इंडिका आली आहे, स्टेअरिंग जड लागतं, वळवताना गुंई असा आवाज येतो. मालक म्हणतात पंप बदलून मोकळा हो, गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार आहे. तुझं मन मात्र घेत नाही. बापू, तुझं मन बरोबर सांगतंय. पंप चांगलाच असेल असं मी इथे बसून कसं म्हणू? पण पंपाचा दोष अजून सिद्ध झालेला नाही, आणि तो सिद्ध होईपर्यंत गिऱ्हाइकाच्या खिशात हात घालायचा नाही. जुनी गाडी वापरणारा माणूस हौसेनं जुनी वापरत नसतो. आपल्याकडे सोयाबीन विकून आलेल्या पैशांत आधी खतवाल्याची उधारी फिटते, मग पोरांची फी, आणि उरलं तर गाडीचं काम. तुझ्या शहरातलं गिऱ्हाईकही फार वेगळं नसेल.

सगळ्यात आधी एकच गोष्ट ठरव. दोष स्टेअरिंगला मिळणाऱ्या मदतीत आहे, की मूळ स्टेअरिंगमध्ये? पॉवर गेली तरी चाकं हातानंच वळतात, कारण रॅक आणि टाय रॉड जागेवरच असतात. पॉवर फक्त जोर लावते. म्हणून पुढच्या टायरची हवा बघ. हवा कमी असली की स्टेअरिंग जड होतं, आणि हे बघायला पाच मिनिटं लागत नाहीत. मग इंजिन बंद ठेवून पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचल, खाली घोड्या लाव आणि स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हातानं फिरव. ऑईल ढकललं जातं म्हणून थोडा जोर लागेल, पण तो सगळीकडे सारखा लागला पाहिजे. चाकं हवेत असूनही अडकत असेल तर पंपाचा काही संबंध नाही. एका फेरीत दोनदा जड, दोनदा हलकं लागलं तर स्टेअरिंगच्या दांड्यावरचा क्रॉस जॉइंट गंजून धरला आहे असं समज.

रॅकचे रबरी बूट हातानं दाबून बघ. आपल्या काळ्या मातीत, पांदण रस्त्यानं पावसाळाभर फिरलेल्या गाडीचा बूट फाटलेला असला, तर आत चिखल जाऊन वाळतो आणि बोटानं दाबलं की कचकच लागतं. ती माती ग्रीसमध्ये मिसळली की रॅक आणि जॉइंट दोन्ही खाते. बूट ओला, जड आणि तेलानं फुगलेला लागला, तर रॅकचं ऑईल सील गेलेलं आहे. दोन्हींत बूट बदलावा लागतो, पण पहिल्यात साफसफाई, ग्रीस आणि जॉइंटची तपासणी असते, तर दुसऱ्यात रॅक खोलावी लागते. हा फरक गिऱ्हाइकाला दाखव. नुसतं सांगू नको, त्याला गाडीखाली बोलाव.

चाकं हवेत हलकी फिरतात आणि जमिनीवर इंजिन चालू असताना जड लागतात, असं निघालं तरच मदतीकडे वळ. ती कशी चालते हे नीट समजून घे, म्हणजे पाठ करायला काही उरत नाही. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या इंजिनिअरनं 1926 च्या सुमारास ही योजना गाडीवर बसवून दाखवली. विकायच्या गाडीत ती आली 1951 मध्ये, क्रायस्लर इम्पीरिअलमध्ये. डेव्हिसचं खरं डोकं चाललं ते व्हॉल्व्हमध्ये. स्टेअरिंग सरळ असताना व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि ऑईल पंपातून टाकीत, टाकीतून पंपात नुसतं फिरत राहतं, दाब जवळजवळ नसतोच. स्टेअरिंग वळवलं की व्हॉल्व्ह एका बाजूला बंद होऊ लागतो आणि तेवढ्यापुरता दाब वाढतो. म्हणून आवाजही वळवतानाच येतो. फुल कट मारून धरून ठेवलं की पंपाचं ऑईल रिलीफ व्हॉल्व्हमधून जातं आणि तापतं. पाच सेकंदांपेक्षा जास्त कधी धरू नको, आणि ड्रायव्हरलाही बजाव.

तुझ्या गुंई आवाजाचं मला वाटतं ते सांगतो. इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग ऑईलच्या टाकीचं झाकण काढ आणि आत बघ. ऑईलवर बारीक फेस असेल, रंग दुधाळ झाला असेल, तर पंप हवा खातोय. लेव्हल कमी असेल तर ऑईल कुठून गेलं ते शोध. लेव्हल बरोबर असूनही फेस असेल, तर टाकीतून पंपाकडे येणारा पाइप पकड. पोरं इथेच फसतात. दाबाचा पाइप फुटला की ऑईल उडतं, सगळ्यांना दिसतं. हा पाइप मात्र ओढणारा आहे. इंजिन चालू असताना त्याच्या चिरेतून थेंब बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. खालून चिंधी फिरवलीस तर कोरडी निघेल. रात्री गाडी उभी राहिली की क्लॅम्पजवळ जरासा ओलावा येतो, तेवढाच. म्हणून गाडी एक रात्र ठेवून घे आणि सकाळी सुरू करण्याआधी बघ. जुन्या पाइपाचं रबर टणक होतं, क्लॅम्प कितीही आवळला तरी धरत नाही. हातभर पाइप आणि दोन क्लॅम्प बदलून पंपाचा आवाज गेलेल्या गाड्या मी पुष्कळ बघितल्या आहेत. पाइप ऑईलचाच घे. पाण्याचा घालशील तर काही महिन्यांत आतून फुगून सुटेल.

पांढऱ्या कापडावर ऑईलचा एक थेंबही टाकून बघ. लाल असेल तर ठीक. काळा आणि जळका वास असेल तर सगळं काढून नवीन भर, आणि टाकीत जाळी असली तर तीही धू. ग्रेड झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये असेल तोच. ब्रेक ऑईल कुणी घातलंय का, हे गिऱ्हाइकाला न रागावता विचार. त्यानं सील फुगतात आणि नंतर सगळी किट टाकावी लागते.

भरून झालं की हवा काढ. चाकं उचललेली, इंजिन बंद, स्टेअरिंग हळूहळू या टोकापासून त्या टोकाला पंधरा-वीस वेळा, लेव्हल बघत बघत. मग इंजिन चालू करून तेच. घाईनं फिरवलंस तर फेस पुन्हा होईल.

सकाळी सुरू करताना चीं असा कर्कश आवाज येत असेल तर तो बेल्ट आहे. आतून काचेसारखी चमक आली असेल तर ताणून उपयोग नाही, बदलच.

एवढं करूनही जड राहिलं तर दाब मोजायचं गेज लाव. तुमच्या गॅरेजमध्ये नसेल तर मालकांना मागवायला सांग, एका चुकीच्या पंपाच्या पैशांत त्याची किंमत वसूल होते. पंप आणि रॅकच्या मध्ये गेज जोड, त्याचा व्हॉल्व्ह क्षणभर बंद कर. कंपनीनं दिलेला दाब आला तर पंप चांगला आहे. तो आला, पण व्हॉल्व्ह उघडून फुल कटवर दाब कमी पडला, तर ऑईल रॅकच्या आत गळतंय. बंद व्हॉल्व्हवरच दाब चढला नाही, आणि बेल्ट, ऑईल, पाइप सगळं बरोबर आहे, तेव्हा पंप काढ. तेव्हा मी तुला अडवणार नाही.

वॅगन आर किंवा आल्टो आली तर यातलं ऑईलचं काहीच नाही, तिथे मोटर असते. ही पद्धत सुझुकीनंच 1988 मध्ये जपानात सर्वो गाडीत आणली. तिथे आधी बॅटरीचे टर्मिनल, अर्थिंग आणि अल्टरनेटरचं चार्जिंग बघ. व्होल्टेज पडलं की ती मोटर मदत बंद करते आणि मीटरवर दिवा लागतो. मोटर आणि सेन्सरवर संशय त्यानंतर.

आणि टाय रॉडला हात लावलास तर काटर पिन नवीनच घाल. जुनी सरळ करून परत बसवलेली मी चालू देत नाही. गाडी देण्याआधी स्वतः चालवून बघ, खड्ड्यावरून, ब्रेक लावून, आणि जमलं तर मागे माणसं बसवून.

आता झाकण उघडून फेस आहे का ते बघ आणि रात्री फोन कर. तुझी आई विचारत होती, तिलाही एक फोन कर.

तुझा,
मामा