बरणीवर छपाई कशी करायची? दिवाळीच्या ऑर्डरआधी वाचून घ्या



दिवाळीसाठी बेदाणा, कांदा पावडर, लोणचं, मसाला बरणीत भरून विकायची तयारी आपल्या बऱ्याच सभासदांनी आणि बचत गटांनी सुरू केली आहे. बरणी कुठे स्वस्त मिळते याची चौकशी सगळे करतात, पण तिच्यावरची छपाई शेवटच्या आठवड्यात ठरते. मग घाईत लावलेलं लेबल फ्रीजमध्ये सुटतं, तेलाच्या हाताने तारीख पुसली जाते, नाहीतर पत्ता बदलला म्हणून छापलेल्या बरण्या पडून राहतात. आतला माल एक नंबर असला तरी तारीख न दिसणारी बरणी दुकानदार ठेवून घेत नाही.

*१) आधी बरणीचा तळ बघा*
तळाला त्रिकोणात आकडा असतो. १ म्हणजे पेट, २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पीपी. काचेसारखी पारदर्शक बरणी बहुतेक वेळा पेटची असते. दुधाळ किंवा पांढरी बरणी बहुधा एचडीपीई किंवा पीपीची.
पेटवर शाई आणि गोंद बऱ्यापैकी धरतात. एचडीपीई आणि पीपी मेणासारखं असतं, त्यावर शाई पसरत नाही. म्हणून छापण्याआधी त्या बरणीवरून गॅसची ज्योत झटकन फिरवतात किंवा विजेची कोरोना प्रक्रिया करतात. हे काम छापणाऱ्याचं आहे, घरी करू नका. प्रक्रिया झाली का ते मात्र आपण बघू शकतो: पाणी लावा. पाणी पसरलं तर ठीक, थेंब गोळा होऊन घसरला तर शाई टिकणार नाही. या प्रक्रियेचा परिणाम दिवसागणिक कमी होतो, म्हणून ती झाली की लगेच छापून घ्यावं.

*२) कोणती पद्धत कशाला?*
👉 *स्टिकर लेबल:* थोड्या मालाला सगळ्यात सोयीचं. फोटो, बारीक अक्षरं, सगळे रंग येतात. कागदी लेबल ओल धरतं, त्यामुळे लोणचं किंवा फ्रीजमधल्या मालाला प्लास्टिक फिल्मचं लेबल घ्या. बरणीची बाजू सरळ हवी. फुगीर बरणीवर लेबलला सुरकुत्या पडतात.
👉 *स्क्रीन प्रिंटिंग:* जाळीतून शाई थेट बरणीवर उतरते. एक ते तीन ठळक रंग, नाव आणि लोगो यासाठी उत्तम. फोटोसाठी नाही. गोल आणि गुळगुळीत बरणीवर चांगली बसते. पारदर्शक बरणीत काळा बेदाणा असेल तर लाल-हिरवी अक्षरं त्यात बुडून जातात. खाली पांढऱ्या शाईचा थर मागा.
👉 *श्रिंक स्लीव्ह:* छापलेली नळी बरणीवर घालून गरम हवेने आवळतात. सगळी बरणी झाकली जाते. मिरची पावडरचा रंग उजेडाने उतरतो, तिथे याचा उपयोग होतो. पेट साधारण ७०-८० अंशाला मऊ पडायला लागतं, म्हणून हातातल्या हीट गनने एकाच जागी गरम करू नका, बरणी वाकते. स्लीव्ह फाडायला छिद्रांची रेघ ठेवा, म्हणजे बरणी भंगारात वेगळी काढता येते.
👉 *इन-मोल्ड लेबल:* बरणी साच्यात बनतानाच लेबल तिच्यात एकजीव होतं. सुटत नाही, सोलत नाही. पण मोठ्या ऑर्डरशिवाय परवडत नाही. एकट्या सभासदाने याच्या मागे लागू नये.

*३) खर्च बरणीमागे काढा*
समजा तीन रंगांच्या स्क्रीन बनवायला ३००० रुपये लागले. ५०० बरण्या छापल्या तर बरणीमागे ६ रुपये फक्त तयारीचे. ५००० छापल्या तर ६० पैसे. (आकडे उदाहरणासाठी आहेत, स्वतःचं कोटेशन घालून बघा.) शाई आणि मजुरी वेगळी. म्हणून पहिल्या वर्षी स्टिकर, आणि खप पक्का झाला की थेट छपाई, हाच क्रम बरा.

*४) बदलणारी माहिती पक्की छापू नका*
ब्रँडचं नाव आणि लोगो वर्षानुवर्षं तेच राहतात, ते बरणीवर छापा. घटक, पोषणमूल्य, पत्ता, परवाना क्रमांक लेबलवर ठेवा. बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, मुदत आणि किंमत यासाठी लेबलवर पांढरी मोकळी जागा सोडा आणि भरताना तिथे शिक्का किंवा इंकजेट मारा. ही जागा झाकणावर नको, झाकणं अदलाबदल होतात.
किंमत वाढली म्हणून छापील किमतीवर नवीन स्टिकर चिकटवणं नियमात बसत नाही. किंमत कमी केली तरच कमी किमतीचं स्टिकर लावता येतं, तेही जुनी किंमत न झाकता.

*५) नियमाचं एवढं पाळाच*
✅ अनिवार्य माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवीच. मराठी सोबत जरूर टाका, पण फक्त मराठी चालत नाही.
✅ १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक, हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका, निव्वळ वजन आणि सर्व करांसहित किंमत तपासा.
✅ खाद्यपदार्थाच्या पॅकिंगची शाई आयएस १५४९५ प्रमाणे असावी. बिलावर तसं लिहून घ्या.
✅ 'नाशिक द्राक्षे' आणि 'लासलगाव कांदा' यांना भौगोलिक मानांकन आहे. त्याचा लोगो अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असल्याशिवाय छापू नका.

*६) पूर्ण ऑर्डरआधी पाच बरण्यांचा नमुना घ्या*
🔸 छपाईवर सेलोटेप दाबून चिकटवा आणि झटक्यात ओढा. टेपला शाई आली तर नापास.
🔸 तेलाचा बोळा वीस वेळा घासा. तारखेच्या शिक्क्यावरही घासा.
🔸 भरलेली बरणी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी बाहेर काढा. घाम आल्यावर लेबलची कड उचलते का बघा.
🔸 नवी छापलेली रिकामी बरणी झाकण लावून एक दिवस ठेवा, मग उघडून वास घ्या. शाईचा वास आला तर अजून वाळू द्या. बेदाणा आणि मसाला वास लगेच धरतात.
🔸 प्रूफमध्ये जोडाक्षरं बघा. 'द्राक्षे', 'पौष्टिक', 'उत्पादन' हे शब्द फॉन्ट बदलला की फुटतात. प्रूफ मोबाईलवर पाहून ओके म्हणू नका, खऱ्या मापाची छापील प्रत मागा. डिझाईनची मूळ फाईलही आपल्याकडे घेऊन ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे छापता येतं.

सगळ्यात महत्त्वाचं: दिसायला भारी छपाईपेक्षा शेवटची बरणी विकेपर्यंत वाचता येणारी छपाई आपल्या कामाची. एकाच मापाची बरणी घेणारे सात-आठ सभासद एकत्र आले तर बरणी आणि स्क्रीनचा खर्च वाटला जातो. प्रत्येकाचं लेबल वेगळं राहू शकतं.

ज्यांना एकत्र ऑर्डर द्यायची आहे त्यांनी बरणीच्या तळाचा फोटो, माल कोणता आणि बरण्या किती, एवढं याच नंबरवर पाठवा. लेबलचं प्रूफ छापायला देण्याआधी कंपनीच्या ऑफिसात दाखवून घ्या.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, नाशिक