दवाखान्याच्या पांढऱ्या कपड्यांवरील डाग

परिचारिकेचा गणवेश पांढरा शुभ्र असावा, अशी आपली सर्वांची अपेक्षा असते. माझी आई दवाखान्यातले असे कपडे धुते, म्हणून या कामामागचे शास्त्र मी समजून घेतले. ते येथे थोडक्यात देते.

रक्ताचा डाग गरम पाण्यात कधी घालू नये. उष्णतेने रक्तातील प्रथिने गोठतात व धाग्याला घट्ट धरतात. आधी थंड पाणी, मग साबण; उरलेल्या खुणेवर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. आयोडिनचा तपकिरी डाग हायपोच्या, म्हणजे सोडियम थायोसल्फेटच्या, द्रावणात जातो. कारण आयोडिनचे रंगहीन आयोडाइड बनते. क्लोरहेक्सिडिन लागलेल्या कपड्याला मात्र ब्लीचिंग पावडर लावू नये. क्लोरीनमुळे नवाच तपकिरी डाग पक्का बसतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ब्लीचिंग पावडरीत लिंबू किंवा कोणतेही आम्ल मिसळू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, ईप्रच्या रणभूमीवर हाच वायू सोडला गेला होता. बंद मोरीत वाकून कपडे धुणाऱ्या बाईला हे कोण सांगणार? बाटलीवरची सूचना तिला वाचता येत नसेल, तर ती आपण वाचून दाखवावी. शिकणाऱ्या मुलामुलींना एवढे तरी करता येईल.