अतिसार : औषध देण्यापूर्वीचे चार प्रश्न

ग्रामीण भागात जुलाब लागलेला रुग्ण प्रथम वैद्याकडे येत नाही. तो औषधाच्या दुकानात जातो. वैद्य तालुक्याच्या गावी, दुकान मात्र एस.टी. थांब्यालगत. त्यामुळे अतिसाराची पहिली चिकित्सा बहुधा औषधविक्रेत्याच्या सल्ल्यानेच होते. हे वास्तव स्वीकारून तो सल्ला शास्त्रशुद्ध कसा होईल, याचा विचार वैद्य व औषधविक्रेते या दोघांनीही करावयास हवा.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या प्रारंभी दोन वर्षांचे एक मूल माझ्याकडे आणले गेले. पोट फुगलेले, डोळे खोल गेलेले, मूल निपचित पडलेले. जुलाब 'थांबले' होते. आजीने माझीच जुनी चिठ्ठी दुकानात दाखवून कर्पूररस नेला होता. ती चिठ्ठी आजोबांसाठी होती. मुलाला तातडीने ग्रामीण रुग्णालयात पाठविले, म्हणून ते वाचले. चिठ्ठीवर रुग्णाचे वय व औषधाची मुदत मी लिहिली नव्हती, ही चूक माझी होती.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, एकोणिसाव्या अध्यायात, आमातिसारात प्रारंभीच संग्राही औषध देऊ नये, असा स्पष्ट निषेध आहे. दोष कोंडले गेल्यास आध्मान, शोथ, ग्रहणी आदी विकार उद्भवतात. आधुनिक वैद्यकही लहान मुलांना आतड्याची गती रोखणारी लोपेरामाइडसारखी औषधे देऊ नयेत, असेच सांगते. कर्पूररसात अहिफेन व हिंगूळ आहेत. ही द्रव्ये औषध नियमावलीच्या अनुसूची ई (१) मध्ये येतात. असे कल्प वैद्याच्या देखरेखीखालीच द्यावेत.

म्हणून औषध हातात देण्यापूर्वी चार प्रश्न अवश्य विचारावेत.
१. रुग्ण कोण व त्याचे वय किती?
२. जुलाब केव्हापासून, किती वेळा. मलात रक्त आहे काय?
३. पाणी पोटात टिकते काय. लघवी शेवटी केव्हा झाली?
४. यापूर्वी कोणते औषध दिले?

धोक्याचे लक्षण नसल्यास प्रथम जलसंजीवनी द्यावी. एक लिटरचे संपूर्ण पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकाच वेळी विरघळवावे. अर्धे पाकीट पेल्यात घालू नये. चोवीस तासांनंतर उरलेले द्रावण टाकून द्यावे. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मि.लि., त्याहून मोठ्यास १०० ते २०० मि.लि. चमच्याचमच्याने पाजावे. खोक्यातील गोड पेय हा तिचा पर्याय नव्हे. अधिक साखरेने जुलाब वाढतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास मनाई केली, ती याच कारणाने. जुना साठा दुकानात असल्यास काढून टाकावा.

दोन ते सहा महिन्यांच्या बालकास १० मि.ग्रॅ. व त्यापुढे पाच वर्षांपर्यंत २० मि.ग्रॅ. जस्त रोज एकदा, चौदा दिवस द्यावे. जुलाब थांबले तरी ते मध्येच बंद करू नये, हे आईला आवर्जून सांगावे. स्तनपान चालू ठेवावे. मोठ्यांना तांदळाची पेज, मुगाचे कढण द्यावे.

प्रौढास आमलक्षणे, म्हणजे जडपणा, अरुची, दुर्गंधी व चिकट मल, असल्यास धान्यपंचकाचा काढा उपयुक्त ठरतो. धने, सुंठ, नागरमोथा, वाळा व कोवळे बेलफळ ही त्यातील द्रव्ये. पित्तप्राधान्य असल्यास सुंठ वगळावी. कुड्याचे कल्प आमपाचनानंतर, वैद्याच्या सल्ल्याने वापरावेत.

पुढील रुग्णास दुकानातून औषध देऊन परत पाठवू नये : दोन महिन्यांखालील अर्भक, गर्भिणी, अशक्त वृद्ध, रक्तमिश्रित किंवा तांदळाच्या धुवणासारखा मल, सतत वांती, तीव्र ज्वर, ग्लानी, सहा तास लघवी न होणे, चिमटीत धरलेली त्वचा सावकाश पूर्ववत होणे. रुग्णालयात पोहोचेपर्यंत शुद्धीवर असलेल्या रुग्णास वाटेत जलसंजीवनी पाजत राहावी. एकाच वस्तीतून दोन-तीन रुग्ण आल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रास त्याच दिवशी कळवावे. दोष विहिरीच्या पाण्यात असू शकतो.

वैद्यबंधूंनी चिठ्ठीवर रुग्णाचे नाव, वय व औषधाची मुदत लिहावी. औषधविक्रेत्यांनी जुन्या चिठ्ठीवर औषध देण्यापूर्वी दूरध्वनी करावा. त्या प्रसंगानंतर आमच्या गावातील दुकानदार व मी हा नियम पाळीत आहोत. त्यात दोन मिनिटे जातात, एवढेच.