मोठ्या कामाची विभागणी

मोठे काम हाती घेताना त्याचे भाग कसे पाडावेत, हा प्रशासनापुढील नित्याचा प्रश्न होय. संगणक-तंत्रज्ञांच्या ‘अजाइल’ कार्यपद्धतीत अशा कामास ‘एपिक’, म्हणजे महाकाव्य, म्हणतात व त्याच्या लहान भागांस ‘स्टोरी’, म्हणजे कथा. महाकाव्य पुरे होण्यास महिने लागतात. कथा काही दिवसांत पुरी होते. मात्र प्रत्येक कथा स्वतंत्रपणे उपयोगी पडावी, हा दंडक आहे.

मुंबई उपनगरातील मेट्रोचे ‘२ अ’ व ‘७’ हे मार्ग या तत्त्वाचे बोलके उदाहरण आहे. अंधेरीपर्यंतचे काम पुरे होण्याची वाट न पाहता डहाणूकरवाडी–दहिसर–आरे हा सुमारे २० किलोमीटरचा टप्पा २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्यास, सुरू झाला. रूळ, स्थानके व चारकोपची कारशेड उपलब्ध असल्याने तो स्वयंपूर्ण होता. उर्वरित भाग जानेवारी २०२३ मध्ये खुला झाला. बोरिवलीच्या प्रवाशांना नऊ महिने आधी लाभ मिळाला.

ग्रामपंचायतींनाही हा धडा घेता येईल. नळयोजनेसाठी सर्व वाड्यांत नुसते चर खणून ठेवण्यापेक्षा एका वाडीस उद्भवापासून नळापर्यंत पाणी पोचविणे श्रेयस्कर. काम उद्या थांबले, तरी झालेला भाग लोकांच्या उपयोगी पडेल काय, हीच विभागणीची खरी कसोटी होय.