जामीनदाराची सही : मदत कोठपर्यंत?



आपल्या जळगाव-धुळे भागात पगारदार माणसाला एक विनंती हमखास येते. "दादा, पतपेढीच्या कागदावर तेवढी सही करा. नुसती पद्धत आहे." भुसावळचा रेल्वे कर्मचारी, शाळेतील शिक्षक, दवाखान्यातील परिचारिका, एस.टी.चा वाहक यांना ती जास्त येते, कारण त्यांचा पगार ठरलेला असतो. विनंती करणारा परका नसतो. तो मेहुणा असतो, शेजारी असतो, किंवा मिस्साला आपल्याच बाकावर बसणारा बंधू असतो. पुष्कळदा त्याचे जुने हप्ते थकलेले असतात. त्याच्या एकट्याच्या नावावर कर्ज मिळत नाही, म्हणून तो आपल्याकडे येतो. नाही म्हणावे तर नाते दुखावते, हो म्हणावे तर संसार अडचणीत येण्याची भीती. म्हणून आज आपण जामीन म्हणजे काय, याचा थोडा अभ्यास करू या.

१. सहीचा अर्थ

जामीनदार म्हणजे कर्जदाराच्या चांगुलपणाचा साक्षीदार, असा पुष्कळांचा समज आहे. कायदा तसे मानत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. "आधी त्याची मालमत्ता विका, मग माझ्याकडे या" असेही म्हणता येत नाही. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच हे स्पष्ट केले आहे.

दोन जामीनदार असले म्हणजे प्रत्येकावर अर्धा भार, हाही गैरसमज आहे. संस्था सगळी रक्कम एकाकडूनच वसूल करू शकते; वाटणी नंतर जामीनदारांनी आपसात करायची. कर्जदार सुरतेला निघून गेला किंवा देवाघरी गेला, तरी जामीनदार सुटत नाही.

पतपेढी सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळवते आणि त्यावरून जप्तीपर्यंत मजल जाते. संस्थाच बुडाली तर कर्जही बुडाले, असे समजू नये. जळगावात मुख्यालय असलेल्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्थेवर २०१५ मध्ये अवसायक नेमला गेला. संस्थेचे येणे वसूल करणे हे अवसायकाचे कामच असते.

२. सिबिलचा परिणाम

कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या आपल्या देशात आहेत. त्यांपैकी सिबिल २००० मध्ये स्थापन झाली. तिचे गुण ३०० ते ९०० असतात. आपण ज्याला जामीन राहतो ते कर्ज आपल्याही अहवालात दिसते. त्याचे हप्ते थकले तर उद्या आपल्या मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढताना आपल्यालाच अडचण येते.

३. कर्ज मागणाऱ्याने काय करावे?

प्रथम आपला अहवाल पाहावा. २०१७ पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा तो मोफत द्यायचा आहे. त्यात चूक असेल तर तक्रार करावी. तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

जुनी थकबाकी शक्यतो पूर्ण भरावी आणि बाकी नसल्याचा दाखला घ्यावा. तडजोड करून कमी रक्कम भरली तर अहवालात तसा शेरा राहतो. घरात सोने, मुदत ठेव किंवा विमा पॉलिसी असेल तर त्यावर कर्ज मिळते का ते आधी पाहावे. तेथे बहुधा जामीनदाराची गरज पडत नाही.

व्याज कसे आकारतात हेही विचारावे. २ लाख रुपये, ३ वर्षे, १५ टक्के दर धरा. घटत्या शिलकीवर हप्ता सुमारे ६,९३३ रुपये येतो. तोच दर पूर्ण मुदत मूळ रकमेवर लावला तर हप्ता सुमारे ८,०५६ रुपये होतो. दर एकच, पण फरक ४० हजारांवर.

आणि जामीनदारापासून जुनी थकबाकी लपवू नये. तो आपल्यासाठी स्वतःचे घर धोक्यात घालत असतो.

४. सही करणाऱ्याने काय करावे?

एकच प्रश्न स्वतःला विचारावा : हे सगळे कर्ज उद्या मलाच फेडावे लागले, तर माझे घर चालेल का? उत्तर "नाही" असेल तर सही करू नये. निर्णय पती-पत्नीने मिळून घ्यावा. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर कधीही सही करू नये. आपण जामीनदार आहोत की सहकर्जदार, हे वाचून घ्यावे. सहकर्जदार हा पहिल्या दिवसापासून स्वतःच कर्जदार असतो. कागदाची प्रत ठेवावी आणि दर महिन्याला हप्त्याची पावती पाहावी. शेवटी भरावेच लागले, तर ती रक्कम कर्जदाराकडून मागण्याचा हक्क कायदा आपल्याला देतो. त्यासाठी प्रत्येक पावती जपावी.

५. पवित्र शास्त्र काय शिकवते?

बेनसिराच्या ग्रंथाचा २९ वा अध्याय याच विषयावर आहे. शेजाऱ्याला जामीन राहणाऱ्याला तो सज्जन म्हणतो, त्याचे उपकार विसरू नका असे कर्जदाराला बजावतो, आणि जामिनामुळे चांगली चाललेली घरेही बुडाली याची आठवण देतो. मदत करावी, पण आपल्या शक्तीप्रमाणे, हा त्याचा सल्ला आहे. संत पौलाने फिलेमोनला लिहिलेल्या पत्रात अनेसिमचे देणे स्वतःच्या नावावर मांडायला सांगितले आणि ते फेडण्याचे वचन स्वतःच्या हाताने लिहून दिले. ती फेडण्याच्या तयारीने केलेली सही होती.

सही नाकारणे म्हणजे माणसाला नाकारणे नव्हे. २ लाखांची सही देता येत नसेल, तर झेपेल तेवढी रक्कम उसनी देता येते, थकीत हप्त्यांचा हिशोब मांडायला त्याच्याजवळ बसता येते, बँकेत त्याच्याबरोबर जाता येते. अशी मदत दोन्ही घरे सावरते.

घरी चर्चेसाठी :
१. आपल्या घरातील कोणी, कोठे जामीनदार आहे का? त्या कर्जाची आज किती बाकी आहे?
२. आपल्याला कोणी जामीन राहिले असेल, तर हप्ता वेळेवर भरल्याचे आपण त्यांना कळवतो का?