आत्मरक्षण : हलक्यात हलका उपाय

मानवी प्राण, देह आणि अब्रू ही अल्लाहची अमानत आहे. अमानत सांभाळणे हे ती बाळगणाऱ्याचे कर्तव्य असते. निष्काळजीपणाने ती गमावली तर त्याचा जाब द्यावा लागतो. एका माणसाने प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले होते, की उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवावा की बांधून? तिरमिज़ीतील या हदीसनुसार प्रेषितांनी (स.) त्याला आधी उंट बांधावयास आणि मग भरवसा ठेवावयास सांगितले. उंटासाठी जो नियम, तो आपल्या मुलाबाळांच्या सुरक्षिततेसाठी का नसावा?

तरीही आत्मरक्षणाचे प्रशिक्षण म्हटले की आपल्या घरांतून दोन प्रकारचे सूर उमटतात. काहींना ती मारामारीची शाळा वाटते. काहींना ते केवळ तरुण मुलांचे काम वाटते; मुली, माता आणि वृद्ध यांचा त्याच्याशी काय संबंध, असे ते विचारतात. हे दोन्ही समज दूर होणे आवश्यक आहे. त्यासाठी आपल्याच फिकहकडे वळू या.

इमाम नववी (मृत्यू इ. स. १२७७) हे शाफई मज़हबचे थोर विद्वान होत. कोकणातील मुस्लिम घराणी मोठ्या संख्येने याच मज़हबची अनुयायी आहेत. 'मिनहाजुत्तालिबीन' या त्यांच्या ग्रंथात हल्लेखोराचा प्रतिकार कसा करावा, याची एक उतरंड सांगितली आहे. प्रतिकार हलक्यात हलक्या उपायाने करावा. शब्दांनी किंवा मदतीसाठी हाक मारून काम भागत असेल तर हात उगारणे निषिद्ध. हाताने भागत असेल तर चाबूक निषिद्ध. चाबकाने भागत असेल तर काठी निषिद्ध. पळून जाणे शक्य असेल तर पळून जाणेच बंधनकारक. तेथेच असेही नमूद आहे, की मालासाठी झुंजणे बंधनकारक नाही, परंतु शीलाचे रक्षण बंधनकारक आहे.

वाचकहो, आजचा कोणताही जाणता प्रशिक्षक पहिल्याच दिवशी नेमके हेच शिकवितो. भारतीय कायद्याचा आशयही याच्या जवळ जाणारा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खाजगी संरक्षणाचा हक्क दिलेला आहे. कलम ३७ नुसार संरक्षणासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही. कलम ४० नुसार शरीराच्या संरक्षणाचा हक्क धोक्याची वाजवी भीती निर्माण होताच सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंतच टिकतो. म्हणजे पहिला फटका बसेपर्यंत वाट पाहण्याची सक्ती नाही. मात्र हल्लेखोर पळू लागल्यावर त्याचा पाठलाग करून मारणे हे संरक्षण राहत नाही, तो सूड ठरतो. मर्यादा ओलांडणाऱ्यांना अल्लाह पसंत करीत नाही, ही सूरह अल्-बकराच्या १९० व्या आयतीतील शिकवण येथे आठवावी.

आता प्रत्यक्ष प्रशिक्षणाचा विचार करू. भीतीच्या क्षणी हृदयाचे ठोके वाढतात, हात थरथरतात, दृष्टी आकुंचित होते आणि बारीक हालचाली जमेनाशा होतात. अशा वेळी वाचलेले आठवत नाही. शरीराने वारंवार केलेलेच घडते. म्हणून सामान्य माणसाला थोड्या, सोप्या आणि पुनःपुन्हा घोटलेल्या गोष्टी पुरतात.

पहिली पायरी अंतराची. अनोळखी व्यक्ती जवळ येऊ लागली तर दोन हात अंतर राखावे, दोन्ही तळवे छातीसमोर उघडे धरावेत आणि बाहेर जाण्याची वाट पाठीमागे की बाजूला, हे पाहून ठेवावे. रस्त्याने चालताना मोबाईलवरील नजर उचलणे हाही याच पायरीचा भाग आहे.

दुसरी पायरी आवाजाची. "तिथेच थांबा" हे दोन शब्द खणखणीत आवाजात उच्चारण्याचा सराव करावा. गर्दीत नुसते "वाचवा" म्हटल्यास प्रत्येकाला वाटते, दुसरा कोणी जाईल. म्हणून एकाच माणसाकडे बोट दाखवून "निळ्या सदऱ्यातील काका, ११२ वर फोन करा" असे सांगावे.

तिसरी पायरी सुटकेची. कोणी मनगट पकडले तर त्याच्या अंगठ्याच्या बाजूने, कोपर वाकवून, अंगाचा जोर लावून हात झटक्यात ओढावा. पकडीत अंगठा व बोटे यांमधील फट हीच कमकुवत जागा असते. ओढणी किंवा हिजाबची टोके प्रवासात आत खोचलेली असावीत, म्हणजे ती ओढून गळा आवळता येत नाही.

चौथी पायरी प्रहाराची, आणि तीही सुटकेसाठीच. मूठ वळून मारल्यास नवशिक्याचीच हाडे मोडण्याची शक्यता असते. त्यापेक्षा तळव्याच्या मनगटाकडील भागाने हनुवटीवर किंवा नाकावर आघात करावा आणि तत्क्षणी उजेडाकडे, माणसांकडे धावावे. समोरच्याच्या हाती सुरा असून त्याला पैसेच हवे असतील, तर पाकीट दूर फेकून उलट दिशेने पळावे. पाकीट पुन्हा मिळेल.

एवढ्याने खरोखर काही फरक पडतो का? कॅनडातील तीन विद्यापीठांमधील ८९३ विद्यार्थिनींवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला बारा तासांचे प्रशिक्षण दिले गेले, दुसऱ्याला केवळ पत्रके. वर्षभरात पत्रकांच्या गटातील ९.८ टक्के विद्यार्थिनींवर बलात्कार झाला, तर प्रशिक्षित गटात हे प्रमाण ५.२ टक्के होते. त्या बारा तासांत शारीरिक प्रतिकार होताच, परंतु मोठा भर दुसऱ्याच गोष्टीवर होता : परिचित माणसाच्या वागण्यातील धोका ओळखणे आणि संकोच न करता नकार देणे.

येथे प्रत्येक कुटुंबप्रमुखाने थांबून विचार करावा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार भारतात नोंदल्या जाणाऱ्या बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या परिचयाचा असतो. अंधाऱ्या गल्लीतील अनोळखी इसमाची भीती आपण मुलींना घालतो. पण घरी येणारा नातलग किंवा शेजारी जवळ ओढू लागला तर ओरडावे, हे सांगतो का? उलट, "मोठ्यांशी उद्धटपणे बोलू नये", "लोक काय म्हणतील" असे शिकवून आपण तिची पहिली ढाल, तिचा आवाज, स्वतःच काढून घेतो. शीलरक्षण बंधनकारक असेल, तर त्यासाठी उठलेला आवाज उद्धटपणा कसा ठरेल? आणि मुलीने किंवा मुलाने येऊन काही सांगितले, तर प्रथम विश्वास ठेवणे हे पालकांच्या वाट्याचे आत्मरक्षण आहे. भीतीने गोठून ज्यांना प्रतिकार करता आला नाही, त्यांच्याकडे दोष जात नाही; दोष हल्लेखोराचाच.

मुलींसाठी स्त्री-प्रशिक्षक आणि स्वतंत्र वर्ग असावा. मोहल्ल्यातील शाळा किंवा सभागृह सुट्टीच्या दिवशी यासाठी सहज मिळू शकते. पूर्ण अंगभर पोशाखात सराव करणेच उत्तम. संकट कपडे बदलण्यास वेळ देत नाही. घरी आठवड्यातून दहा मिनिटे मनगट सोडविण्याचा आणि मोठ्याने बोलण्याचा सराव केला तरी शिकलेले विसरत नाही.

मुलांना मात्र आणखी एक धडा द्यावा लागेल. शक्तिशाली श्रद्धावंत दुर्बलापेक्षा अल्लाहला अधिक प्रिय आहे, असे सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये आहे, आणि कुस्तीत पाडणारा खरा बलवान नसून क्रोधाच्या वेळी स्वतःला आवरणारा बलवान आहे, असेही प्रेषितांनी (स.) शिकविले. वाहनाचा धक्का लागला म्हणून उगारलेल्या एका ठोशाने समोरचा डोक्यावर पडून मरू शकतो, आणि दोन घरे उद्ध्वस्त होतात. ज्याला हात चालविता येतो, त्याच्यावर हात आवरण्याची जबाबदारी अधिक आहे.

अल्लाह आपणास आपल्या अमानतीचे रक्षण करण्याचे सामर्थ्य आणि मर्यादेत राहण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.