कार्बन न घातलेली पावती

परभणीतल्या आमच्या ज्ञातीमंडळाचा मी जुना सभासद. वधू-वर मेळावा आणि मुलांचं वसतिगृह, एवढाच पसारा. त्याच्या हिशेबाची तक्रार करायची वेळ आली, तेव्हा कळलं ते असं.

१. आधी पावती पुस्तक बघा. स्थळप्रत कार्बनची असते, पुसट, जरा पसरलेली. आमच्या पुस्तकातल्या अकरा स्थळप्रती पेनानं लिहिलेल्या होत्या, ठसठशीत. सेलूच्या एका पाहुण्यानं पाच हजार दिले होते. त्यांच्याकडची मूळ पावती आणून शेजारी ठेवली. स्थळप्रतीवर पाचशे!

२. व्हॉट्सॲपवर राग काढू नका. मी काढला, आठवड्यात वकिलाची नोटीस आली. अधिकार असलेल्या माणसाकडं सद्भावनेनं केलेल्या तक्रारीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये अपवाद आहे. ग्रुपवर कुणाला ‘चोर’ म्हणणं त्यात कुठं बसायचं? मुकाट्यानं माफी लिहून दिली.

३. खरं दार धर्मादाय कार्यालयाचं. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्यात नोंदणीकृत संस्थेचा साधा सभासदही ‘हितसंबंधित’ धरला आहे. तो कलम ४१ब खाली चौकशी मागू शकतो. दोष ठरला तर ४१ड खाली विश्वस्ताला काढताही येतं. पण अर्जाआधी नकला घ्या: परिशिष्ट एकचा उतारा, बदल अर्ज, लेखापरीक्षकाचा अहवाल. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत कळवायचं असतं. आमच्याकडं निम्म्या कार्यकारिणीचा बदल अर्जच दाखल नव्हता. म्हणजे वर्षानुवर्षं चेकवर सह्या करणारी माणसं दप्तरी विश्वस्तच नव्हती. मला तर पावत्यांपेक्षा हेच जड वाटलं.

४. सोबत येतो म्हणणारे सातजण होते. सहीच्या दिवशी एकाची मोटार जळाली, एकाला गंगाखेडला मयतीला जावं लागलं. असं एकेक करत उरलो तिघं.

५. सोयरीक हिशेबात धरा. खजिनदार माझ्या मेव्हण्याचे साडू. बायको म्हणाली, “पोरीचं व्हायचंय अजून. यांच्याशिवाय मध्यस्थी करणार कोण हाय?” याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. तिला न सांगता अर्ज दिला, हे मात्र चुकलं.

६. तारखा पडताहेत. परवाच्या मेळाव्याला गेलो तर कुणी खुर्ची पुढं केली नाही. नोंदणीच्या टेबलावरच्या पोरानं शंभराची पावती फाडली, पुस्तक उलटं करून माझ्याकडं सरकवलं आणि हळूच म्हणाला, “काका, कार्बन घातलाय. बघून घ्या.”